अकरा ते पावणेबारा : एका भुंकणाऱ्या कुत्र्याचं प्रकरण

तक्रार अर्ज फुलस्केप कागदावर होता, हाताने लिहिलेला, खाली सही आणि सहीखाली कंसात पूर्ण नाव. आमच्या सोसायटीत असा अर्ज आला की समजावं, माणूस तोंडी बोलण्याच्या पलीकडे गेलाय. तारीख ५ ऑगस्ट २०२४. विषय : 'फ्लॅट क्र. ४०२ मधील कुत्र्याच्या सततच्या भुंकण्याबाबत.' मजकुरात एक वाक्य होतं, जे मी वाचलं आणि सोडून दिलं : 'मध्यंतरी पाच-सहा दिवस कुत्रा शांत होता, परंतु त्यानंतर त्रास पूर्ववत सुरू झाला आहे.' सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती. ती हाती लागायला मला पुढे महिना लागला.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. सिंहगड रोडवरून आत वळल्यावर लागणारी सात मजल्यांची, अठ्ठावीस फ्लॅटची इमारत आहे. पद कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं आणि तीन वर्षं राहिलं. त्या काळात पार्किंग, गळती आणि टँकरच्या बिलावरून जेवढी भांडणं झाली नसतील तेवढी या एका कुत्र्यावरून झाली. आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांनी 'तुम्ही ते कसं मिटवलंत?' असं विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. 'मिटवलं' हा शब्द मला स्वतःला फारसा पटत नाही, पण ते पुढे येईलच. माणसांची नावं देत नाही. कुत्र्याचंही बदललंय, त्याला ब्रूनो म्हणू.

४०२ मध्ये तिशीतलं जोडपं, दोघंही आयटीत. ४०३ मध्ये बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा आणि सून. सून हिंजवडीतल्या एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करते. पहाटे साडेपाचला कॅब तिला गेटवर सोडते, चहा-आंघोळ उरकून ती सातला झोपते, आणि तिची रात्र दुपारी दोन-अडीचपर्यंत चालते. या दोन फ्लॅटच्या ड्राय बाल्कन्या, म्हणजे धुण्या-भांड्यांसाठीच्या छोट्या बाल्कन्या, एकाच डक्टमध्ये उघडतात. पुण्यातल्या इमारतींचे हे डक्ट ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको : चार भिंतींची उभी विहीर, आत ड्रेनेजचे पाइप, कबुतरं आणि प्रत्येक घरातल्या कुकरच्या शिट्ट्या. तळमजल्यावर कुणी खाकरलं तरी चौथ्या मजल्यावर कळतं. सुनेच्या बेडरूमची एक खिडकी याच डक्टकडे आहे.

ब्रूनो बीगल जातीचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, दोघंही चोवीस तास घरात असताना, दोन महिन्यांचं पिल्लू म्हणून आला. त्या वर्षी आमच्या इमारतीत तीन पिल्लं आली, त्यात हा सगळ्यात देखणा. बीगल दिसायला खेळण्यासारखा असतो, पण ती शिकारी जात आहे. इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर टोळीने सोडण्यासाठी ही कुत्री जोपासली गेली, आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना माग लागल्याचं दुरून कळावं म्हणून त्यांचा आवाज तसाच खणखणीत राखला गेला. साधं भुंकणं वेगळं आणि मान वर करून काढलेला तो लांब हेल वेगळा. शेतापलीकडे ऐकू जावा असा आवाज आपण तीन फूट बाय आठ फुटांच्या ड्राय बाल्कनीत आणून ठेवला होता. हो, ड्राय बाल्कनीतच. दोघं ऑफिसला जाताना सोफा कुरतडला जाऊ नये म्हणून ब्रूनोला तिथे पाणी, अंथरूण आणि चावायचं हाड देऊन जाळीचं दार लावून घेत.

२०२२ पर्यंत घरून काम, मग आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, आणि २०२४ च्या जूनपासून दोघांच्याही कंपन्यांनी पाचही दिवस बोलावलं. चार वर्षं जो फारसा एकटा राहिला नव्हता, तो एकदम रोज नऊ-साडेनऊ तास एकटा.

हे सगळं मी आता सलग सांगतोय. तेव्हा मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

अर्ज आल्यावर मी जे केलं ते बहुतेक सेक्रेटरी करतात, आणि ते चूक होतं. अर्ज घेऊन रात्री नऊ वाजता ४०२ ची बेल वाजवली. दार उघडलं, ब्रूनो शेपटी हलवत आला, माझे पाय हुंगले आणि गालिच्यावर जाऊन पसरला. मालक म्हणाला, "काका, तुम्हीच बघा. हा कुठे भुंकतोय?" मी पाऊण तास बसलो. कुत्र्याने एकदाही तोंड उघडलं नाही. खाली येताना माझं मत झालं की ४०३ चे काका जरा वाढवून सांगतायत. काकांना पुरतं ओळखत असल्याने ते मत फारच सहज झालं. २०१९ मध्ये त्यांनी लिफ्टच्या पंख्याच्या आवाजाबद्दलही अर्ज दिला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं. दोन तासांत सव्वाशे मेसेज. कुणी म्हणालं मुक्या जनावराची दया नाही, कुणी म्हणालं माणसांची आहे का. एकाने ब्रूनोच्या फोटोवर 'वाँटेड' लिहून टाकलं; त्याला ती गंमत वाटली, ४०२ मधल्या ताईला वाटली नाही. तिने रात्री दीड वाजता लांबलचक मेसेज लिहिला, सकाळी पुसला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. त्यानंतर दोन्ही घरं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागली. ग्रुप 'फक्त अॅडमिन लिहू शकतील' असा करायला मला तीन दिवस लागले. ते पहिल्या दहा मिनिटांत करायला हवं होतं.

काका स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हते. कुत्रा भुंकू लागला की ते भिंतीवर लाटणं आपटत आणि डक्टमध्ये तोंड घालून 'ए गप!' असं ओरडत. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर एकटं पडून हाका मारत असताना पलीकडून कुणीतरी ओ देतंय. तो दुप्पट जोमाने भुंके. मग काकांनी ऑनलाइन एक यंत्र मागवलं. कुत्रा भुंकला की ते माणसाला न ऐकू येणारा आवाज सोडतं. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा पंचेचाळीस हजारांच्या आसपासपर्यंत, तेव्हा कल्पनेत खोट नाही. पण यंत्र चालू आहे की बंद हे काकांना कळायला त्यावरच्या लाल दिव्याखेरीज मार्ग नव्हता, आणि ब्रूनो चौथ्या दिवसापासून त्या यंत्रावरच भुंकू लागला. शिवाय सहाव्या मजल्यावरची मांजर, जिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, तिने ड्राय बाल्कनीत जाणं सोडलं.

१८ ऑगस्टला, रविवारी, विशेष सभा झाली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून अठ्ठावीसपैकी तेवीस फ्लॅट हजर. एवढी हजेरी वार्षिक सभेलाही नसते. एका सभासदाने ठरावच लिहून आणला होता : सोसायटीत यापुढे कुत्रा पाळण्यास बंदी, असलेले कुत्रे एका महिन्यात हलवावेत. मतदान झालं असतं तर तो बहुधा मंजूरही झाला असता. ४०२ च्या मालकाने शांतपणे एक छापील कागद पुढे केला. केंद्राच्या पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. कुत्र्याचं भुंकणं हे त्याचं नैसर्गिक व्यक्त होणं आहे, त्या कारणावरून त्याला घालवता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलंय की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा कुत्र्याला शांत ठेवायचा प्रयत्न करा, विशेषतः रात्री. मालकाने पहिला भाग मोठ्याने वाचला. दुसरा काकांनी त्याच्या हातातून कागद घेऊन वाचला.

मग कलमं निघाली. काकांनी भारतीय दंड संहितेचं २६८ काढलं, सार्वजनिक उपद्रव. आमच्याकडे पाचव्या मजल्यावर वकील असलेल्या एक काकू आहेत, त्या म्हणाल्या, "ते १ जुलैपासून गेलं. आता न्याय संहितेचं २७०." हशा झाला. त्या सभेतला तो एकमेव. मग त्यांनी खुर्चीवरून न उठता पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला पुढे फार उपयोगी पडलं. सार्वजनिक उपद्रव म्हणजे परिसरातल्या लोकांना सर्वसाधारणपणे होणारा त्रास. एका भिंतीपलीकडच्या एका घराला होणारा त्रास त्यात बसवणं अवघड. सिद्ध झालाच तर २९२ खाली दंड, एक हजार रुपयांपर्यंत. एका घराच्या त्रासासाठी दिवाणी दावा लावता येतो, पण तो निकाली निघेपर्यंत कुत्रा जिवंत असेल याची खात्री नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. काकांच्या फोनमधल्या अॅपने डक्टमध्ये ८२ दाखवले होते. पण नियमातला आकडा हा ठरावीक काळाच्या सरासरीचा असतो, एका भुंकण्याचा नाही, आणि फोनचं अॅप म्हणजे प्रमाणित मीटर नव्हे.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती सुनेने सभेनंतर जिन्यात मला सांगितली. "काका, नियमांची रात्र दहा ते सहा. माझी रात्र सात ते दोन. माझ्या रात्रीला कायद्यात नाव नाही." तोवर मी तिला या प्रकरणात धरलंच नव्हतं. अर्ज काकांचा, भांडण काकांचं. झोप मात्र तिची जात होती. तीन आठवड्यांत तिला दोनदा कॅबमध्ये डोकं धरून परत यावं लागलं होतं.

पोलिसही एकदा येऊन गेले. काकांनी ११२ लावला होता. दोन हवालदार आले, दोन्ही घरांत पाणी प्यायले, 'आपापसात मिटवा' म्हणाले. त्यांना दोष देत नाही. ते आले तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, मालक घरी होते आणि ब्रूनो झोपला होता.

माझ्या डोक्यात काहीतरी हललं ते इथे. मी गेलो तेव्हा गप्प, पोलीस आले तेव्हा गप्प, सभेच्या दिवशी रविवार होता तेव्हा गप्प. मालक खोटं बोलत नव्हते. काकाही वाढवून सांगत नव्हते. दोघं एकाच कुत्र्याबद्दल बोलत होते, पण वेगवेगळ्या वेळच्या.

मी काकांना शंभर पानी वही नेऊन दिली. म्हटलं, पंधरा दिवस कुणाशी भांडायचं नाही, ओरडायचं नाही, यंत्र बंद. फक्त लिहायचं. भुंकणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. निवृत्त बँकवाल्याला रकाने आखलेली वही देणं हे या प्रकरणातलं माझं एकमेव शहाणपण. त्यांनी ती पासबुकासारखी भरली. थोडी नमुन्यादाखल :

'२१ ऑगस्ट, बुधवार. ८.१५ घंटागाडी, दोन मिनिटे. ९.२२ लिफ्ट खाली गेली. ९.२६ सुरू. १०.५५ पर्यंत अधूनमधून, लांब हेल जास्त. ११ ते ११.४५ काही नाही. ११.५० सुरू, आजचा सर्वात मोठा. १.२० थांबला. ४.०५ स्कूल बस, पाच मिनिटे. ६.३० पासून शांत.'

'२४ ऑगस्ट, शनिवार. घंटागाडी. बाकी निरंक.'

'निरंक' वाचून मला हसू आलं, पण शनिवार-रविवारच्या दोन्ही रकान्यांत तेच होतं. आणि सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक दिवशी, अकरा ते पावणेबारा रिकामं. पाच दिवस बघितल्यावर मी काकांना विचारलं, या वेळेत काय होतं? त्यांना माहीत नव्हतं. वॉचमनला माहीत होतं. ४०२ मध्ये भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी अकराला वर जातात आणि पावणेबाराला खाली येतात.

मी मावशींना गेटवर गाठलं. त्या म्हणाल्या, "मी गेले की जाळी उघडते. माझ्या मागं मागं फिरतंय लेकरू. फरशी पुसताना फडक्यावर बसतंय. निघताना परत आत घालते, तर पदर सोडत नाही." मालकांनी जाळी उघडायला सांगितलं नव्हतं. 'ताईंना सांगू नका' असंही त्या म्हणाल्या. मी सांगितलं. नाइलाज होता, कारण अख्ख्या वहीतला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच होता : माणूस घरात असलं की कुत्रा भुंकत नाही, आणि ते गेलं की सर्वात जास्त भुंकतो.

मग अर्जातलं ते वाक्य आठवलं. मध्यंतरीचे पाच-सहा शांत दिवस. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि इकडे एकतानगरीत घरांत शिरलं, तो आठवडा. आमची इमारत उंचावर असल्याने वाचली, पण रस्ते बंद होते आणि ४०२ मधले दोघंही घरून काम करत होते.

वही घेऊन मी वर गेलो. या वेळी तक्रार म्हणून नाही. वही ताईच्या हातात दिली आणि म्हटलं, यात तुमच्याविरुद्ध काही नाही, वेळापत्रक आहे. तिने तीन पानं वाचली. मग तिनेच सुचवलं : जुना फोन फ्रिजवर ठेवून रेकॉर्डिंग लावून जाऊ. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही ते एकत्र पाहिलं. दार बंद होतं. ब्रूनो जाळीला नाक लावून उभा. चार मिनिटं कान टवकारलेले. मग पहिला हेल. हाड तसंच पडलेलं, त्याला तोंडही लावलं नाही. जाळी ओरबाडणं, तोंडातून लाळेची तार, येरझाऱ्या, पुन्हा हेल. ताईने अकराव्या मिनिटाला फोन उलटा ठेवला. तिचा नवरा म्हणाला, "आम्हाला वाटायचं तो दिवसभर झोपतो."

व्हेटरनरी डॉक्टरांनी ते रेकॉर्डिंग पाहिलं आणि आधी कान तपासले. दोन्ही कानांत संसर्ग निघाला. लोंबते कान आणि पुण्याचा पावसाळा, बीगलमध्ये हे नेहमीचं. दुखणाऱ्या जनावराला आधी दुखण्यातून सोडवा, मग वागणुकीकडे बघू, असं त्या म्हणाल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इतके दिवस आम्ही कलमं काढत होतो आणि कुणी त्याच्या कानात डोकावलं नव्हतं.

कान बरे झाल्यावर निदान ठरलं. कंटाळलेला कुत्रा आणि एकटेपणाने घाबरलेला कुत्रा यांत फरक आहे. कंटाळलेला आधी झोप काढतो, मग उठून उद्योग करतो. घाबरलेला मालक गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो, खाणं सोडतो, दार ओरबाडतो, लाळ गाळतो. डॉक्टर याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. अशा कुत्र्याला शिक्षा म्हणजे घाबरलेल्या मुलाला अंधारात कोंडून वर धपाटा. मालकाने शॉक देणाऱ्या पट्ट्याचं विचारलं होतं. डॉक्टरांनी साफ नकार दिला आणि वेल्समध्ये तर असे पट्टे २०१० पासून बंद आहेत, असं ऐकवलं. तोंडाला जाळी बांधून तासन् तास ठेवणंही बाद, कारण कुत्रा तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड करतो. आणि कोंडून ठेवण्याबद्दल त्यांनी एक वाक्य टाकलं, जे पाचव्या मजल्यावरच्या काकूंनीही सभेत सांगितलं नव्हतं : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही मालकाचा गुन्हा धरलाय. म्हणजे या प्रकरणात कायद्याची सगळ्यात नेमकी ओळ काकांच्या बाजूची नव्हती, मालकांच्याही नव्हती. ती ब्रूनोच्या बाजूची होती.

उपाय सुरू झाले ते गणपतीनंतर. ७ ते १७ सप्टेंबर वहीचा उपयोगच नव्हता. काकांची नोंद होती, 'ढोल. कुत्रा ऐकू आला नाही.'

पहिली गोष्ट, ड्राय बाल्कनी बंद. ब्रूनो हॉलमध्ये, सोफ्यावर जुनी गोधडी. सोफ्याचा एक कोपरा गेला, ते सोसलं. डक्टचा भोंगा काढून घेतल्याबरोबर आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटला. सुनेच्या मते एवढ्यानेच तिला सलग दोन तास झोप लागू लागली. दुसरी, सकाळचं फिरणं पंधरा मिनिटांवरून पाऊण तास. तेही ओढत नेऊन आणणं नाही, त्याला हवं तिथे हुंगू देणं. बीगलचं डोकं नाकाने थकतं. तिसरी गोष्ट मावशींची वेळ. त्या अकराऐवजी साडेदहाला येऊ लागल्या आणि दुपारी एकला सातव्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा अर्ध्या तासासाठी, महिन्याच्या पगारावर. नऊ तासांचा एकटेपणा असा तुकड्यांत तुटला. आठवड्यातून दोन दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात. हे खर्चिक आहे, ते लपवत नाही. दोघं कमावते होते म्हणून जमलं.

खरं काम मात्र चौथं, आणि ते कंटाळवाणं. कुत्र्याला भीती दार बंद झाल्यावर लागत नाही. मोबाइल चार्जरवरून काढला, किल्ली वाजली, बूट घातले की तेव्हाच सुरू होते. म्हणून ताई रोज संध्याकाळी किल्ली वाजवून परत टीव्ही बघत बसे. बूट घालून कणीक मळे. मग दाराबाहेर दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं, आणि तो बिथरायच्या आत परत. आल्यावर लाडाचा सोहळा नाही. सोबत डॉक्टरांनी भीती कमी करणारी फ्लुओक्सेटीनची गोळी दिली; तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात हेही सांगितलं. गोळी डॉक्टरांच्या हिशेबानेच घ्यायची, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण ग्रुपवर एकाने माणसांच्या झोपेच्या गोळीचं नाव सुचवलं होतं.

दोन्ही घरांत एक कागद झाला. स्टँप पेपर नाही, साधा. ४०२ ने काय करायचं ते वर लिहिलंय. ४०३ ने लाटणं, ओरडणं, यंत्र आणि ग्रुप बंद ठेवायचं, त्रास वहीत लिहायचा, आणि दर रविवारी वही ४०२ ला द्यायची. सुनेने पलंग पुढच्या खोलीत हलवायचा, तोही तात्पुरता. तिच्या डक्टकडच्या खिडकीला रबरी पट्ट्या ४०२ ने लावून द्यायच्या. आणि वकील काकूंनी शेवटी घालायला लावलेली ओळ : 'भुंकणे पूर्णपणे थांबेल असे कोणीही लिहून दिलेले नाही.' या एका ओळीने कागद टिकला असं माझं मत आहे.

तिसऱ्या आठवड्यात तो जवळजवळ फाटला होता. मधेच भुंकणं वाढलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की जुनी युक्ती चालेनाशी झाली की जनावर सोडण्यापूर्वी ती आणखी जोरात वापरून बघतं, त्या वेळी बधू नका. हे काकांना पटवणं माझं काम होतं. ते रात्री माझ्याकडे वही आपटून गेले, "वाढलंय! आकडे बघा!" मी आकडे बघितले. सोमवार-मंगळवार वाढले होते, पाळणाघराच्या दिवशी अर्थात शून्य, आणि दुपारचा एकचा ठोका चुकला होता, कारण त्या मुलाची परीक्षा होती. काकांनी ते ऐकून घेतलं. खूश झाले नाहीत, पण हिशेब जुळत होता आणि त्यांना तेवढं पुरतं.

वहीतली बेरीज अशी : ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कामाच्या दिवशी सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पन्नास मिनिटं. दिवाळीत फटाक्यांनी सगळं मागे नेलं. चार दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही आणि पुढचा आठवडा वाईट गेला. डिसेंबरच्या मध्यावर वीस-पंचवीस मिनिटं, त्यात घंटागाडीची दोन ठरलेली. त्या गाण्यावर त्याचा राग का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मिटलं का? सुनेला झोप मिळते, पलंग अजून पुढच्या खोलीतच आहे. दोन्ही घरं लिफ्टमध्ये बोलतात, पण दिवाळीचा फराळ एकमेकांकडे गेला नाही. ग्रुपवरचं ते 'वाँटेड' ताई विसरलेली नाही, आणि त्यात चूक माझी आहे. मी पहिल्या रात्री नऊऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौथ्या मजल्यावर पाच मिनिटं नुसता उभा राहिलो असतो, तर सभा झाली नसती, पोलीस आले नसते, आणि त्याचे कान महिनाभर आधी बरे झाले असते. तक्रार दिवसाची असताना मी चौकशीला रात्री गेलो, कारण ती माझ्या सोयीची वेळ होती.

जानेवारीत काकांनी वही परत केली, शेवटच्या पानावर एकूण बेरीज करून, खाली सही. मी ती सोसायटीच्या कपाटात ठेवली. काल ते पुन्हा आले. ५०३ मध्ये टाइल्स फोडायचं काम सुरू झालंय, म्हणाले, नवी वही द्या, शंभर पानी नको, दोनशे.